खेळाच्या तासाला एकही पोर भिंतीला टेकून बसू नये म्हणून

"आमच्या मुलांना खेळायची आवडच नाही हो," असं कुणी म्हणालं की मी एक हिशोब मांडायला सांगते. ३५ मिनिटांचा तास. ३० मुलं, एक चेंडू, एक रांग. एका मुलाची पाळी २० सेकंदांत उरकली तरी सगळ्यांची एक फेरी व्हायला १० मिनिटं जातात. वर्गातून बाहेर आणणं, रांग लावणं यात पाच मिनिटं गेली, तर उरलेल्या अर्ध्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला तीन पाळ्या येतात, म्हणजे सगळं मिळून एक मिनिट. बाकीची २९ मिनिटं पोर पुढच्याची वेणी ओढत उभं राहतं आणि आपला ओरडा खातं. त्याला खेळ नको झालेला नसतो, रांग नको झालेली असते.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं अंग हलवावं. त्यातलं एक मिनिट आपण देतो आणि वर म्हणतो, आवड नाही.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. आधी पाटण तालुक्यात डोंगराकडच्या शाळेत होते, बदली होऊन आता कराडजवळ कृष्णाकाठी आले. क्रीडाशिक्षक तिथंही नव्हता, इथंही नाही. मी स्वतः खेळाडू नव्हे; डी.एड.ला लेझीम शिकले, तेवढीच शिदोरी. त्यामुळं खाली सांगते ते साडीचा पदर खोचून मैदानात उतरणाऱ्या कुठल्याही बाईंना, आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीतली पोरं गोळा करणाऱ्या आईबापांना जमण्यासारखं आहे.

आधी रांग मोडा

पटावर ३० मुलं असतील तर सात-आठ जणांचे चार गट करा आणि मैदानाचे चार कोपरे वाटून द्या. एका कोपऱ्यात लगोरी. दुसऱ्यात काठीनं टायर पळवणं. तिसऱ्यात लंगडी. चौथ्यात घमेलं ठेवून लांबून चेंडू टाकणं. सात मिनिटांनी शिट्टी, गटांनी कोपरे बदलायचे. चार साते अठ्ठावीस, तास संपला. मुलं घामानं भिजलेली असतात आणि आपला आवाज बसलेला नसतो.

साहित्य नाही ही तक्रार मला फारशी पटत नाही. जुन्या पायमोज्यात चिंध्या ठासून सुतळीनं करकचून बांधल्या की चेंडू तयार होतो. तो जोरात लागला तरी नाक फुटत नाही, म्हणून लहान वर्गांना हाच बरा. लगोरीला फुटक्या फरशीचे तुकडे चालतात, फक्त कडा दगडावर घासून बोथट करून घ्या. पंक्चरवाल्याकडं सायकलचे जुने टायर पडूनच असतात. शाळेच्या पैशातून आणायच्या दोनच गोष्टी: फक्कीची पिशवी आणि दोरीउड्यांच्या दोऱ्या. मैदान मुलांनाच आखू द्या. रेघ वाकडी येईल, येऊ दे. स्वतः आखलेल्या रेघेच्या आत पोरं जास्त मन लावून खेळतात.

आखण्याआधी मैदानातले खडे, काचा, खिळे वेचून घ्यायचे. आणि एक नियम पक्का: खो-खो, कबड्डी, लंगडीला एकतर सगळे अनवाणी किंवा सगळे बुटात. एकाचा बूट नि दुसऱ्याचा उघडा पाय एका डावात नको.

बाद झालेला कुठं जातो, ते बघा

आपल्या बऱ्याच खेळांत जे पोर सगळ्यात कच्चं, ते सगळ्यात आधी बाद होतं आणि सगळ्यात जास्त वेळ बसून राहतं. संगीत खुर्ची घ्या. ज्याला पळायचा सराव सगळ्यात जास्त हवा, तो पहिल्या मिनिटाला बाहेर आणि जो आधीच चपळ आहे तो शेवटपर्यंत पळतोय. हे उलटं झालं.

कबड्डीनं याची तोड केव्हाच काढून ठेवली आहे. समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक उठतो. बाहेर बसलेला पोरगा चढाईवर गेलेल्याच्या नावानं बोंबलत असतो, कारण त्याचं आत येणं त्याच्यावर अवलंबून असतं. हीच युक्ती बाकीच्या खेळांना लावा. शिवाशिवी खेळायची तर साखळीची खेळा: जो शिवला गेला त्यानं राज्य असणाऱ्याचा हात धरायचा आणि दोघांनी मिळून तिसऱ्याला पकडायचं. साखळी वाढत जाते, बाहेर कुणीच बसत नाही, आणि शेवटी सगळ्यात चपळ पोरगं पंचवीस जणांच्या साखळीपुढं एकटं धावत सुटतं. मला स्वतःला बघायला सगळ्यात मजा याच खेळात येते. लंगडीत बाद झालेल्यानं कडेला दहा दोरीउड्या मारायच्या आणि पुन्हा आत यायचं. विषामृतात तर सोय आहेच, विष लागलेला जागेवर बसतो आणि सवंगडी येऊन त्याला अमृत देतो.

खो-खोला थोडा विचार करावा लागतो. नियमाप्रमाणं खेळलं तर पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात, त्यातले आठ बसलेले, आणि पळणारे एका वेळी तीन. म्हणजे तिसभर मुलांत १२ जण खेळात आणि १८ कडेला. स्पर्धेच्या सरावाला ते ठीक आहे. एरवी दोन छोटी मैदानं आखा, बसणारे पाच ठेवा, पळणारे चार ठेवा. नियमपुस्तकातल्या मापांवरून कुणी वाद घातला तर घालू दे.

गडी वाटायची जुनी रीत

दोन दांडगी पोरं पुढं उभी करायची, 'तुम्ही आपापले गडी निवडा' म्हणायचं. हे शाळाशाळांत चालतं आणि दर वेळी तीच दोन पोरं शेवटाला उरतात. कुणी त्यांना घेत नाही, मग बाई म्हणतात, "अरे, ह्याला पण घ्या की." त्या पोराला पुढच्या तासाला पोटात दुखायला लागतं. त्यात नवल नाही.

आपल्याकडं याहून कितीतरी शहाणी रीत आहे, ती मी पाटणकडच्या पोरांकडून बघितली. दोन कप्तान उभे राहतात. बाकीची मुलं आपापल्या तोलामोलाचा जोडीदार बघून जोड्या जमवतात. एकेक जोडी खांद्यावर हात टाकून लांब भिंतीपाशी जाते, कुजबुजते, गुपचूप नावं घेते आणि परत येऊन कप्तानांपुढं उभी राहते. "कुणाला पायजे आंबा, कुणाला पायजे चिंच?" कप्तान म्हणतो, आंबा. ज्यानं आंबा नाव घेतलं तो त्याच्याकडं, चिंच दुसरीकडं. पुढच्या जोडीला दुसरा कप्तान आधी मागतो.

यात निवड नावाची होते, पोराची होत नाही. जोडी सारख्या ताकदीची असल्यामुळं दोन्ही संघ आपोआप तुल्यबळ होतात आणि शेवटाला उरायचा प्रश्नच मिटतो. नावं ठेवण्यात पोरांची जी कल्पकता दिसते ती निबंधाच्या वहीत दिसत नाही. आंबा-चिंच मागं पडून आता 'जेसीबी का रोटावेटर' आणि 'कोयना का धोम' आलंय. एकदा चौथीतल्या दोघी येऊन गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "कुणाला पायजे बाईंचा चष्मा, कुणाला पायजे बाईंची पर्स?"

आपलं काम एवढंच, की जोड्या जमताना लक्ष ठेवायचं. हुशार पोरं मुद्दाम कच्च्या गड्याशी जोडी करतात, म्हणजे त्यांचा दोस्त आणि ते एकाच संघात पडायची शक्यता राहते. ती जोडी हसत हसत मोडायची. एक जण सुटा राहिला तर तो दोन्हीकडून खेळणार; हे काम चपळ पोराला द्या, कच्च्याला देऊ नका, नाहीतर तो पुन्हा 'उरलेला' ठरतो.

पहिलीतलं पोर किंवा अंगणवाडीतून पळून आलेलं धाकटं भावंड मध्ये घुसलं तर त्याला लिंबूटिंबू करून घ्या. त्याच्यावर राज्य नाही, त्याला आउट नाही, पण पळायला पूर्ण मोकळीक. मात्र अंगानं जाड किंवा हळू चालणाऱ्या पाचवीतल्या मुलाला लिंबूटिंबू म्हणू नका, कुणाला म्हणूही देऊ नका. तिथं ती थट्टा होते. 'जाड्या', 'काटकुळ्या', 'मुंगी' ही नावं मैदानात हाकेलासुद्धा चालणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगायचं. शिक्षकांनीही.

सुतळी

पळण्यात पहिला येणारा दर वर्षी तोच असतो. मग बाकीच्यांनी पळायचं कशासाठी? त्यासाठी मी सुतळीचा एक गुंडा ठेवते. रेघेवर पाय जुळवून उभ्या उभ्या उडी मारायची. जोडीदारानं टाचेच्या मागं खडूनं खूण करायची. रेघेपासून खुणेपर्यंत सुतळी ताणायची, कापायची, टोकाला कागदाची चिठ्ठी बांधून तारीख लिहायची आणि सुतळी दप्तरात ठेवायची. महिन्याभरानं पुन्हा उडी, पुन्हा नवी सुतळी, आणि ती जुनीला लावून बघायची. बोटभर वाढ झाली तरी ते पोरगं दोन्ही सुतळ्या घेऊन शाळाभर हिंडतं. चौथीच्या पुढं सुतळी पट्टीवर मोजून सेंटिमीटर वहीत लिहायला लावा. गणिताच्या बाईंनी तास मागितला तर तोंडावर मारायला बरं पडतं.

या सुतळ्या भिंतीवर टांगू नका. टांगल्या की कुणाची मोठी, कुणाची बारकी ते सुरू होतं आणि सगळा खटाटोप वाया.

शिक्षा आणि खेळ, दोन्ही वेगळं ठेवा

"उशीर केलास? मैदानाला पाच चकरा मार." ज्या पोराला आपण पळणं शिक्षा म्हणून शिकवलं, त्यानं पुढं हौसेनं पळावं अशी अपेक्षा कशी करायची? उठाबशांचंही तेच. याच्या उलट दुसरी खोड: गृहपाठ केला नाही म्हणून खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवणं. बहुतेक वेळा हे पोर वर्गात चुळबुळ करणारंच असतं आणि मैदानाची गरज त्यालाच जास्त असते.

तास वेळापत्रकात कुठं आहे तेही बघा. शेवटचा तास खेळाला दिला की तो आधीच्या तासाच्या पोटात जातो. पोषण आहाराची खिचडी खाऊन लगेच पळायला लावलं तर पोरं ओकतात. परिपाठ झाल्यावरचा किंवा मधल्या सुट्टीच्या आधीचा तास चांगला. मार्चनंतर सकाळची शाळा सुरू झाली की पहिलाच तास मैदानात काढा, उन्हं चढायच्या आत, आणि प्रत्येकाची पाण्याची बाटली झाडाखाली.

पावसाळ्यात

पाटणकडं पाऊस लागला की मैदान विसरायचं. व्हरांडा असतो तेवढाच. तिथं मी नागपंचमीचे खेळ आणले. झिम्मा, फुगडी, पिंगा, फेर. मुलींना घरूनच येतात, मुलं आधी लाजतात, "बाई, ह्ये पोरींचं हाय" म्हणतात. त्यांना एवढंच म्हणायचं, "पन्नास मोजेपर्यंत फुगडी घालून दाखव." वीस-पंचविसातच धाप लागते आणि मग पैज सुरू होते. फुगडीला उंचीनं सारखी जोडी लावा, बोटं न धरता मनगटं धरायला शिकवा, आणि फरशी कोरडी आहे ना ते बघा.

लेझीम आपण २६ जानेवारीच्या आधी आठवडाभर बाहेर काढतो आणि नंतर पोत्यात भरून ठेवतो. वर्षभर बाहेर ठेवा. वाकून, गुडघ्यात बसून, उठून चार हात पूर्ण केले की मांड्या भरून येतात, आणि इथं हरणं-जिंकणं काही नसतं. हलगी असेल तर काय विचारता! सातारा-सांगलीकडच्या पोराच्या कानावर कुस्तीच्या मैदानातली हलगी पडलेलीच असते. ती कडाडली की कोपऱ्यातलं पोरगंही पाय हलवायला लागतं. हलगी नसली तर बाकावर दोन पट्ट्या वाजवा.

सहावी-सातवीच्या मुली

पाचवीपर्यंत पोरांच्या बरोबरीनं पळणारी मुलगी सहावीत अचानक "बाई, मी गुण लिहिते" म्हणायला लागते. तिला गुण लिहायला बसवू नका, कारण शोधा. बहुतेक वेळा कारण स्कर्ट असतं. खेळाच्या दिवशी ट्रॅक पँट किंवा सलवार घालून यायची सरसकट मुभा द्या, शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या म्हणजे पुन्हा कुणी कुरकुरत नाही. दुसरं कारण पाळी. शाळेत पॅड कुठल्या कपाटात आहेत हे मुलींना न विचारता कळलं पाहिजे, आणि त्या दिवशी खेळायचं की नाही हे तिनं ठरवायचं. "बस बाजूला" असं आपण म्हणायचं नाही, "काही होत नाही, पळ" असंही नाही. तिसरं कारण कडेला उभं राहून हसणारी मुलं. त्यांना दुसऱ्या कोपऱ्यात कामाला लावा.

नावं सांगा, पण जपून

कराडला खाशाबा जाधवांचं नाव घेतल्यावाचून खेळाचा विषय पुरा होत नाही. त्यांचं गाव गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्यात क्रीडा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी नुसतं फोटोला हार घालून भाषण केलं तर पोरं जांभया देतात. त्यांना गोष्ट सांगा: १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला कुस्तीत सहावे आले, परत येऊन चार वर्षं घाम गाळला, हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, १९५२ ला कांस्यपदक आणलं आणि गावानं बैलगाड्यांची मिरवणूक काढली. वर्गणी आणि बैलगाड्या म्हटलं की पोरं कान टवकारतात.

आणि एकाच खेळाची गोष्ट सांगून थांबू नका. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये तिरंदाजीत विश्वविजेती झाली तेव्हा १७ वर्षांची होती. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं रौप्य आणलं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं. एक हात अधू असलेलं पोर वर्गात असेल तर ही गोष्ट त्याच्याकडं न बघता सगळ्या वर्गाला सांगा. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव आधी धावायचा, मग धनुष्याकडं वळला आणि टोकियो ऑलिम्पिकला गेला. कबड्डीत मार खाणारं पोर नेमबाजीत किंवा उडीत चांगलं निघू शकतं, पण त्याला सहा-सात खेळ चाखायला मिळाले तरच ते कळणार. म्हणून दर महिन्याला चार कोपऱ्यांतले दोन खेळ बदला.

केंद्राच्या, तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या की सगळं मैदान निवडक दहा-बारा जणांच्या ताब्यात जातं. स्पर्धा हव्यातच, पण त्यांचा सराव शाळा भरायच्या आधी घ्या. तास सगळ्यांचा आहे.

ऊसतोडीची पोरं

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्याकडून टोळ्या येतात, आणि त्यांची काही मुलं आपल्या वर्गात येऊन बसतात. भाषा जरा वेगळी, पुस्तक निम्मं झालेलं, ओळख कुणाची नाही. त्यांना पहिल्या दिवशी फळ्यापाशी उभं करून नाव-गाव विचारण्यापेक्षा मैदानात न्या आणि सांगा, "तुमच्याकडं विटीदांडू कसा खेळतात, ते ह्यांना शिकव." नियम वेगळे निघतातच. त्यावरून भांडण होतं, मग दोन्हीकडचे नियम जुळवून तिसराच डाव तयार होतो, आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्याला नावानं हाक मारणारे चार जण झालेले असतात.

घरचे आणि मैदानाचं कुलूप

"बाई, खेळून काय पोट भरतंय का?" असं पालकसभेत कुणीतरी म्हणतंच. त्यावर मी वाद घालत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आयांना शाळेत बोलावते आणि वाण देण्याआधी लंगडीचा एक डाव ठेवते. पदर खोचून, पातळ सावरत त्या अशा खेळतात की पोरं खिडक्यांना लटकून बघतात. त्यानंतर पोरानं ट्रॅक पँट मागितली तर घरून सहसा नकार येत नाही. बापांना बोलवायचं तर रविवारी सकाळी, आणि मैदान सपाट करायला फावडं घेऊन बोलवा. नुसतं सभेला म्हटलं की येत नाहीत.

शेवटचं काम कुलपाचं. शाळा सुटली की फाटक बंद, आणि गावातलं एकमेव सपाट मैदान आत. पोरं मग डांबरी रस्त्यावर खेळतात, उसाच्या ट्रॅक्टरसमोर. समितीत विषय घ्या, शाळेशेजारच्या एखाद्या सदस्याकडं किल्ली द्या, दिवेलागणीपर्यंत मैदान उघडं ठेवायचं ठरवा. दोन चेंडू आणि चार दोऱ्या त्याच घरी ठेवायच्या. जो नेईल त्यानं दाराशेजारच्या पाटीवर खडूनं नाव लिहायचं, परत आणल्यावर पुसायचं. पायमोज्याचा चेंडू उसात गेला तर शोधत बसू नका, दुसरा शिवा.